रविवार कुणाच्या बापाचा?

गेल्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर युद्ध झालं. पार्किंगवरून नाही, पाण्यावरूनही नाही (डोंबिवलीत राहून हीच खरं तर बातमी!), तर खुद्द रविवारावरून. बी विंगमधल्या एका काकांनी सकाळी सात वाजता लांबलचक फॉरवर्ड टाकला. रविवारची सुट्टी ही इंग्रजांनी लादलेली चर्चची सुट्टी आहे, ती पाळणं म्हणजे मानसिक गुलामगिरी, आता तरी जागे व्हा, वगैरे वगैरे. त्यावर ए विंगमधल्या एका पोराचं उत्तर आलं: "काका, रविवार चर्चचा नाही, खंडोबाचा आहे. नारायण मेघाजी लोखंडेंनी मिळवून दिलाय. जरा वाचत जा." झालं! दुपारपर्यंत नव्वदेक मेसेज. त्यातले दोन-तीन माझेच होते, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या मजल्यावरच्या ख्रिस्ती बाई तेवढ्यात चर्चला निघाल्या होत्या. त्यांनी हात जोडल्याची एक खूण टाकली आणि गप्प बसल्या. शहाण्या आहेत.

हे सगळं चालू असताना आमच्या घरात मावशी भांडी घासत होत्या. एवढं फक्त लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मंडळी, माझं म्हणणं असं आहे की काका चूक, तो पोरगा अर्धा बरोबर, आणि वाद घालणारे आम्ही सगळे (मी धरून) पूर्ण चूक. कारण 'वार कुणाचा' हा प्रश्नच या विषयातला सगळ्यात फालतू प्रश्न आहे. खुद्द ख्रिस्ती लोक त्याच्यावर जवळजवळ दोन हजार वर्षं भांडलेत, आणि भांडता भांडता मूळ मुद्दा हातातून निसटलाय. आपण तेच भांडण उसनं आणून नव्वद मेसेज खर्च केले.

आधी काकांचा हिशोब करू.

पहिली गोष्ट. बायबलमधला विश्रांतीचा दिवस रविवार नाहीच. तो शनिवार आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. त्याला म्हणतात शब्बाथ. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांमध्ये ही आज्ञा आहे (प्रोटेस्टंट मोजणीत चौथी, कॅथलिक मोजणीत तिसरी, भांडण मोजणीपासूनच सुरू होतं, बघा). आणि हा शनिवार बघायला जेरुसलेमला जायची गरज नाही. ठाण्याला टेंभी नाक्यावर जा. तिथे बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ साली बांधलेलं सिनेगॉग आहे, 'शाआर हाशमाईम', म्हणजे स्वर्गाचं द्वार. मराठी बोलणारी, आपल्या गावावरून पेणकर, रोहेकर, अशी आडनावं लावणारी ही माणसं. त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांचा धंदा तेल गाळायचा. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा विसरली, पण शनिवारी घाणा फिरवायचा नाही एवढं पिढ्यान् पिढ्या लक्षात राहिलं.

आता गंमत पुढे आहे. कोकणात त्यांच्या शेजारी 'सोमवार तेली' पण होते. हे हिंदू तेली. सोमवार शंकराचा, शंकराचं वाहन नंदी, म्हणून त्या दिवशी बैल घाण्याला जुंपायचा नाही. म्हणजे एकाच पट्ट्यात एक घाणा शनिवारी थांबायचा, एक सोमवारी. कुणी कुणाला 'तुझा वार परका' असं म्हटल्याची आठवण कुणाला नाही. फॉरवर्ड नव्हते ना तेव्हा! पण यातून एक गोष्ट पक्की होते. आठवड्यातून एक दिवस काम थांबवायचं, ही कल्पना इंग्रजांनी बोटीतून आणलेली नाही. ती आपल्याकडे घाण्याच्या बैलालासुद्धा ठाऊक होती.

दुसरी गोष्ट. ठाण्यात रविवारसुद्धा इंग्रजांच्या आधीचा आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, ही घटना युरोपच्या इतिहासात नोंदलेली आहे. ते इथे उतरले होते ते इथल्याच नेस्टोरियन ख्रिस्ती घरात. म्हणजे तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती वस्ती होती, आणि ती रविवारी उपासना करणाऱ्या पंथाची होती. पुढे पोर्तुगीज आले, मासुंदा तलावाच्या काठी सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च उभं राहिलं, मराठ्यांनी १७३७ साली ठाणं जिंकलं, आणि इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो १७७४ साली. साडेचारशे वर्षं उशिरा आलेल्या माणसाने रविवार 'आणला' म्हणणं म्हणजे शेवटच्या स्टेशनला चढलेल्याने गाडी आपण चालवली म्हणण्यासारखं आहे. शिवाय शेजारच्या गोव्यात जाऊन बघा. तिथला ख्रिस्ती माणूसही कोकणीत रविवारला 'आयतार' म्हणतो. आयतार म्हणजे आदित्यवार. देव येशू, वार आदित्याचा. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. आपल्यालाच फार वाटतं.

असो. काकांना इथे सोडू आणि मुद्द्याकडे येऊ. शब्बाथ म्हणजे नेमकं काय?

मी प्रोग्रामर माणूस. धर्मशास्त्र वाचायची माझी पद्धत म्हणजे स्पेसिफिकेशन वाचावं तसं. नियम काय, कुणाला लागू, कारण काय. तसं वाचायला घेतलं तर ही आज्ञा बायबलमध्ये दोनदा सविस्तर येते आणि दोन्ही ठिकाणी नियम जवळपास सारखा पण कारण वेगळं! 'निर्गम' या पुस्तकात कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. 'अनुवाद' या पुस्तकात मात्र जगाच्या निर्मितीचं नाव नाही. तिथे कारण आहे ते असं: तुम्ही मिसर देशात गुलाम होतात, तिथून सुटून आलात, हे विसरू नका; म्हणून तुमच्या दासाला आणि दासीलाही तुमच्यासारखीच विश्रांती मिळाली पाहिजे.

हे दुसरं कारण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. कारण सुट्टीचा एवढा रोखठोक युक्तिवाद मला कुठल्याही एचआर पॉलिसीत दिसलेला नाही. तुला सुट्टी आहे कारण तू थकलास, असं नाही. तुला सुट्टी आहे कारण सुट्टी नसणं म्हणजे काय हे तू भोगलंयस. आता तू मालक झालायस, तर ते दुसऱ्याला भोगायला लावू नकोस.

आता नियम कुणाला लागू आहे ती यादी बघा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, बाकीची गुरं, आणि तुझ्या गावात राहणारा परका माणूस. परका! ज्याचा तुमच्या देवाशी संबंध नाही, त्यालाही सुट्टी. बैलाला तर धर्मच नाही, त्यालाही सुट्टी. म्हणजे ही 'उपासनेसाठी' दिलेली सुट्टी आहे हा समजच चूक. बैल काय मिस्साला जाणार? सुट्टी आधी, उपासना नंतर.

(यादीत बायको नाही, हे आमच्या घरातल्या चाणाक्ष वाचकाने लगेच दाखवून दिलं. भाष्यकार म्हणतात की 'तू' या शब्दात तीही आलीच. घरातल्या वाचकाचं म्हणणं, "आलीच असेल, पण शनिवारी पोळ्या कोण लाटत होतं ते विचार." उत्तर असं की स्वयंपाक आदल्या दिवशी करून ठेवायचा असतो. त्यावर "म्हणजे शुक्रवारी डबल ड्युटी" असा शेरा मिळाला. मी पुढे वाचायला लागलो.)

मग हा शनिवार ख्रिस्ती लोकांचा रविवार कसा झाला? इथे दोन लोकप्रिय थापा आहेत. एक, पोपने बदलला. दोन, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने बदलला. दोन्ही खोट्या, निदान अर्धवट तरी.

येशूने वार बदलला नाही. तो ज्यू होता, शनिवारीच सभास्थानात जायचा. त्याचं परूशी लोकांशी भांडण झालं ते 'कधी' यावरून नव्हे, 'कशासाठी' यावरून. भुकेल्या शिष्यांनी शेतातून जाताना कणसं मोडली, ते काम झालं का? वाळलेल्या हाताचा माणूस शब्बाथाला बरा केला, ते चाललं का? त्याचं उत्तर थोडक्यात असं की हा दिवस माणसासाठी आहे, माणूस या दिवसासाठी नाही. तुमचं मेंढरू खड्ड्यात पडलं तर तुम्ही काढालच ना? मग माणसाचं काय? बस्स. विषय संपायला हवा होता.

पण संपला नाही. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, पुन्हा उठला अशी ख्रिस्ती श्रद्धा. म्हणून सुरुवातीचे ख्रिस्ती त्या दिवशी भाकर मोडायला एकत्र जमू लागले. 'प्रेषितांची कृत्ये' मध्ये तसा उल्लेख आहे. इसवी सन १५५ च्या आसपास जस्टिन नावाच्या लेखकाने रोममधल्या रविवारच्या सभेचं वर्णन करून ठेवलंय. लक्षात घ्या, हा जमण्याचा दिवस होता, सुट्टीचा नव्हता. रोमन साम्राज्यात रविवार हा कामाचा वार. इसवी सन ११२ च्या सुमाराला प्लिनी नावाचा सुभेदार सम्राटाला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आधी जमतात. पहाट व्हायच्या आधी का? त्यातले पुष्कळ गुलाम आणि कामकरी होते. उजाडल्यावर कामावर हजर व्हायचं होतं. सहाची लोकल पकडणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

म्हणजे शनिवार हा मुळात विश्रांतीचा वार, त्याला उपासना जोडली गेली. रविवार हा मुळात उपासनेचा वार, त्याला विश्रांती नंतर चिकटली. दोन वेगळ्या गोष्टी. पुढे त्यांचा गुंता झाला.

चिकटवली कुणी? मार्च ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइनने हुकूम काढला की सूर्याच्या दिवशी न्यायाधीशांनी, शहरी लोकांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावं. (चर्चची प्रथा आधीपासून होतीच, याने सरकारी शिक्का मारला.) पण याच हुकुमात पुढे सवलत आहे: खेड्यातल्या लोकांनी शेतीची कामं खुशाल चालू ठेवावीत, नाहीतर पेरणीची वेळ निघून जाईल. वाचताना मी हसलो आणि मग हसू आलं नाही. मोशेच्या आज्ञेत बैलाला सुट्टी होती. सम्राटाच्या हुकुमात बैल हाकणाऱ्यालाही नाही. जो वर्ग सगळ्यात जास्त राबत होता तोच नेमका सवलतीच्या नावाखाली बाहेर. तेव्हापासून आजपर्यंत सुट्टीचे नियम असेच लिहिले जातात. वर मोठ्या अक्षरात तत्त्व, खाली बारीक अक्षरात अपवाद, आणि अपवादात निम्मी दुनिया. पुढे चाळीसेक वर्षांनी लाओदिकिया इथल्या धर्मसभेने ठरवलं की ख्रिस्ती लोकांनी ज्यूंसारखं शनिवारी रिकामं बसू नये, त्या दिवशी काम करावं, आणि रविवारी विसावा घ्यावा. तोही 'जमलं तर'. जमलं तर!

मग भांडणाचे पुढचे अंक. ल्यूथरच्या बाजूच्या लोकांनी १५३० साली लिहून दिलं की रविवार ही देवाची सक्ती नव्हे, सोयीसाठी ठरवलेला वार आहे. इंग्लंडमधल्या प्युरिटन मंडळींना ते पटेना. त्यांनी रविवार म्हणजेच शब्बाथ असं समीकरण मांडलं आणि मनाईची यादी वाढवत नेली. १६१८ साली राजा पहिला जेम्स याने जाहीर केलं की उपासना झाल्यावर लोकांनी नाचावं, उड्या माराव्यात, तिरंदाजी करावी. त्याचा युक्तिवाद साधा होता: गरीब माणूस बाकी सहा दिवस राबतो, मग त्याने खेळायचं कधी? प्युरिटन पार्लमेंटने १६४३ मध्ये त्याच जाहीरनाम्याच्या प्रती जाळायला लावल्या. गुलामांच्या सुटकेची आठवण म्हणून आलेला दिवस असा हळूहळू गरिबाच्या मागे लागलेल्या हवालदारासारखा झाला.

आणि आपल्या महाराष्ट्रात जे मिशनरी आले, १८१३ साली मुंबईत उतरलेलं अमेरिकन मराठी मिशन असो की नंतरचे स्कॉटिश, ते याच कडक घराण्यातले. म्हणून आपल्या डोक्यात 'ख्रिश्चन रविवार' म्हणजे कडक इस्त्रीचा रविवार बसलाय. वसई-ठाण्याच्या कॅथलिक घरातला रविवार विचारा: सकाळी मिस्सा, दुपारी जेवण, मग झोप. तो आपल्या रविवारासारखाच दिसेल.

शनिवारवाले ख्रिस्तीही आहेत बरं का. सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा पंथ १८६३ साली अमेरिकेत संघटित झाला. पुण्यातलं स्पायसर कॉलेज त्यांचंच. त्यांचा सवाल बिनतोड आहे: आज्ञा शनिवारची, बायबलमध्ये कुठेही ती बदललेली नाही, मग तुम्ही बदललीत कुणाच्या परवानगीने? नुसत्या पुस्तकावर निकाल द्यायचा तर मी त्यांच्या बाजूने देईन. चर्च म्हणणार की परंपरेच्या अधिकाराने. आपण त्यात पडायला नको. पण दोघांना एक प्रश्न विचारावासा वाटतो: तुमच्या घरी, तुमच्या शाळेत, तुमच्या दवाखान्यात झाडू मारणाऱ्याला तो दिवस मिळतो का? मिळत असेल तर तुमचा कुठलाही वार मला मान्य.

आमोस नावाचा एक संदेष्टा होता. त्याने व्यापाऱ्यांना झोडपलंय ते वाचा. हे लोक शब्बाथ अगदी काटेकोर पाळायचे. आणि दिवसभर मनात काय? हा दिवस कधी संपतोय आणि कधी एकदा दुकान उघडून माप मारतोय! वार बरोबर, पाळणं बरोबर, तरीही शून्य मार्क.

आता ए विंगच्या पोराकडे येऊ. तो अर्धा बरोबर म्हटलं, कारण त्याने योग्य माणसाचं नाव घेतलं. नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली जन्मले ते आपल्या ठाण्यात. सत्यशोधक, 'दीनबंधु'चे संपादक, स्वतः गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेला माणूस. मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली १८५६ साली. राज्य ख्रिस्ती राणीचं. चर्चं गोऱ्या साहेबांनी भरलेली. साहेबाला रविवार होता, कचेरीला रविवार होता. गिरणी कामगाराला? नाही. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम, आणि रविवारी मशीन पुसायला बोलावणं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला, त्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या त्या फक्त लहान मुलांना. काका म्हणतात इंग्रजांनी रविवार लादला. अहो, लादला असता तर १८५६ सालीच लादला असता! चौतीस वर्षं का थांबले? इंग्लंडमधल्या गिरणीवाल्यांनी भारतातल्या कामगारांसाठी कायद्याची ओरड केली हे खरं, पण ती मुंबईचं स्वस्त कापड डोळ्यांवर आलं म्हणून. आत्म्याच्या उद्धारासाठी नव्हे.

१८८४ साली लोखंडेंनी गिरणी कामगारांची सभा बोलावली. साडेपाच हजार सह्यांचं निवेदन गेलं. मागण्या काय? दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई. मालकांनी ढिम्म ऐकलं नाही. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन बायकांनी भाषणं केली. १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारच का? तो खंडोबाचा वार, कामगारांच्या कुलदैवताचा, असा युक्तिवाद त्यांनी केला असं सांगितलं जातं. केला असेल तर हुशारीच म्हणायची. साहेबाला नाही म्हणता येणार नाही असा वार, आणि कामगाराला आपला वाटेल असा वार. पण इथेच तो पोरगा घसरतो. लोखंडेंची लढाई चर्चच्या रविवाराला खंडोबाचा रविवार करण्यासाठी नव्हती. ती ज्याला रविवार नाही त्याला तो मिळावा म्हणून होती. 'मिसरातली गुलामी विसरू नका' हे वाक्य त्यांनी वाचलं होतं की नाही, मला त्याने फरक पडत नाही. सम्राटाने अपवादात टाकलेल्या माणसापासून त्यांनी सुरुवात केली. माझ्या मते शब्बाथाच्या मूळ आज्ञेच्या सगळ्यात जवळ पोचलेला आपल्याकडचा माणूस म्हणजे लोखंडे. आणि आपण त्यांचं नाव कशाला वापरतो? व्हॉट्सअ‍ॅपवर काकांना गप्प करायला.

त्याच रविवारी आमच्या आसपास काय चाललं होतं तेही सांगतो. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक होता, म्हणजे रुळांवर माणसं राबत होती. गेटवर वॉचमन बारा तासांच्या ड्युटीवर बसला होता. त्याला आठवड्याचा कुठला वार सुट्टीचा, हे नव्वद मेसेज टाकणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. (मी नंतर विचारलं. कुठलाच नाही.) डिलिव्हरीची पोरं लिफ्टमधून वर-खाली करत होती, कारण रविवार म्हणजे आम्हाला स्वयंपाकाचा कंटाळा. आमचा विसावा त्यांच्या पाठीवर.

यावर दोन उत्तरं मला नक्की मिळणार, कारण मी स्वतःच ती वर्षानुवर्षं दिली आहेत.

एक: "अरे, सगळेच घरी बसले तर जग कसं चालेल? हॉस्पिटल, रेल्वे, दूध?" बरोबर. पण हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. येशूने सोडवला होता मेंढराच्या उदाहरणाने. आणि ज्यांना बायबल नको त्यांच्यासाठी १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ५२ व्या कलमाने सोडवला: रविवारी कामावर बोलवायचंच असेल तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्या. एवढं सोपं आहे. आम्ही कंपनीत सर्व्हरसाठी रोटेशन लावतो. शनिवारी रात्री तीन वाजता फोन वाजला की कुणी उठायचं याचा तक्ता असतो, आणि कुणाला दोन वीकेंड लागोपाठ आले तर केवढा गहजब करतो! (मीही केलाय.) मशीनसाठी रोटेशन जमतं, वॉचमनसाठी जमत नाही?

दोन: "त्यांनाच सुट्टी नको असते हो, पैसे कापले जातात ना!" हे उत्तर देताना आपण काय कबूल करतोय ते आपल्याला कळत नाही. बायबलमध्ये वाळवंटातल्या मान्नाची गोष्ट आहे. आकाशातून रोज एका दिवसापुरतं अन्न पडायचं. पण सहाव्या दिवशी दुप्पट पडायचं, म्हणजे सातव्या दिवशी गोळा करायला जायला नको. नियम करणाऱ्याला कळत होतं की उपाशी पोटी सुट्टी ही सुट्टी नसते. आजच्या भाषेत, शब्बाथ ही भरपगारी रजा आहे. पैसे कापून दिलेला रविवार हा रविवार नव्हे, तो दंड आहे.

घर हे कारखाना नाही, दुकानही नाही, म्हणून घरकाम करणाऱ्यांना या साप्ताहिक सुट्टीच्या कायद्यांनी हात लावला नाही. तिथे मोशे पण नाही आणि लोखंडे पण नाहीत. तिथे फक्त आपण आहोत. म्हणून तिथेच कळतं की आपण रविवार कशासाठी मागत होतो.

तर त्या रविवारी नव्वदावा मेसेज वाचून झाल्यावर मी मोठ्या थाटात स्वयंपाकघरात गेलो आणि जाहीर केलं, "मावशी, पुढच्या आठवड्यापासून तुम्हाला रविवारची सुट्टी. पैसे कापणार नाही."

मावशींनी हातातली कढई विसळून पालथी घातली. माझ्याकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं, हा खरं बोलतोय का म्हणून. आणि म्हणाल्या, "दादा, रविवार नको. रविवारी बाकीच्या चार घरी यावंच लागतं, तुमच्या एका घरची सुट्टी घेऊन मी काय जिन्यात बसू? सोमवार द्या. आमचे मालक दुकानात असतात ना, त्यांचं दुकान सोमवारी बंद. बाकीच्या घरी पण सोमवारचंच विचारते मग."

म्हणजे माझा रविवार नको होता त्यांना. नवरा घरी असेल तो दिवस हवा होता. सोमवार. त्या तेल्याच्या बैलाचा वार!

काल पहिला सोमवार झाला. भांडी मी घासली. कुकरचं झाकण घासायला किती वेळ लागतो याची मला या वयापर्यंत कल्पना नव्हती. चारपैकी दोन घरांनी सोमवार दिलाय, एकाने पैसे कापून देतो म्हटलं, एकाने विचार करून सांगतो म्हटलंय. वॉचमनच्या बदली सुट्टीचा विषय मी येत्या सोसायटी मीटिंगच्या अजेंड्यावर टाकायला दिलाय. सेक्रेटरी म्हणाले, मेंटेनन्स वाढेल. वाढू दे. बी विंगच्या काकांना मी स्वतः भेटून पाठिंबा मागणार आहे. गुलामगिरी झुगारायची हौस त्यांना आहेच.

मीटिंग कधी आहे म्हणता? अर्थातच रविवारी.